कड

महापेच्या एमआयडीसीत, तिसऱ्या मजल्यावर
आम्ही एक घर बांधतोय. खाडीकाठचं.
ओटी, माजघर, मागचं दार, दारामागे चिखल.
भिंती तन्वीरच्या, उजेड तन्वीरचा,
आणि कुठल्या वस्तूला हात लावता येईल
ते ठरवणं माझं काम.

नियम साधा:
माउस वर आला की वस्तूला पिवळी कड यावी,
हळदीच्या बोटाने ओढावी तशी,
येताना जरा रेंगाळावी, जाताना रेंगाळू नये.
कंदील उजळतो. रांजण उजळतो.
दाराची कडी उजळते, कारण किल्ली रांजणात आहे.
बाकी सगळं चित्र.
सगळंच उजळलं तर शोधायचं काय,
असं मीच मीटिंगमध्ये म्हणाले होते
आणि दिवसभर स्वतःवर खूष होते.

हसुराम मढवी रात्रपाळीचे वॉचमन.
दहाला वर येतात, एसी बंद केलाय का बघायला.
परवा म्हटलं, काका, खेळून बघता?
आम्हाला असा माणूस हवाच असतो
ज्याला कुणी काही सांगितलेलं नाही.

त्यांनी माउस धरला
तो खेकडा धरावा तसा,
मागून, नांगीच्या बाहेर बोटं ठेवून.
बाण थरथरत कंदिलावर गेला.
"पेटला," म्हणाले. क्लिक मात्र केलं नाही.
रांजण पेटला. केरसुणी नाही पेटली.
मग बाण ओटीच्या भिंतीवर चढला,
खुंटीला पाग टांगलेला होता तिथे,
आणि थांबला.

अशा वेळी आम्ही सेकंद मोजतो.
दहा. वीस.
चाळीसला मी वहीत लिहिलं: गोंधळले.

"ह्यो का नाय पेटत?"
तो मागच्या थरात आहे काका, नुसता रंगवलेला.
"पन ह्यो तर रोजचा हातातला."

उठून खिडकीशी गेले, काचेवर बोट टेकलं.
खाली आमचं गेट, टँकर,
लांब ठाणे-बेलापूर रस्ता,
त्यामागे कोपरखैरण्याचे टॉवर, दिवेच दिवे,
सगळंच उजळलेलं.
"थं मागं उघाडी व्हती. भरतीचं पानी आत शिरलं
का मी पाग घेऊन बांधावर."
बोट सरकत राहिलं,
घणसोलीच्या बाजूला, परत इकडे.
मीही सवयीने बघत होते
बोटाखालचं काही वेगळं दिसतंय का.
टँकरने ब्रेक मारला, तेवढे दोन लाल दिवे.

ते गेल्यावर, साडेअकराला,
मी पागाची कड घेतली.
थर सोडवला, भोवती अदृश्य पेटी बसवली,
ऐसपैसच, थरथरत्या हातालाही सापडावा अशी.
जाळ्याला कड देणं फार वाईट काम.
प्रत्येक भोकाला आपापली कड असते;
पहिल्यांदा तर सगळा पाग पिवळा चिखल झाला.
दोनला जमलं.

सकाळी चाचणीवाल्या गौतमीची नोंद:
पाग उजळतो. क्लिक केल्यावर काहीच होत नाही.
खेळाडू फसेल.

खरं आहे. खेळाडूला पाग कुठेच लागत नाही.
मी उत्तर लिहिलं, खोडलं,
दुसरं लिहिलं, तेही खोडलं,
नोंद तशीच उघडी ठेवली.

रात्री हसुराम आले. एसी बघितला.
न विचारता खुर्ची पुढे ओढली.
बाण सरळ खुंटीवर.
पाग पेटला, शेंड्यापासून शिशाच्या गोळ्यांपर्यंत.
किती तरी वेळ बघत राहिले.
वही मी उघडलीच नव्हती.

"गोल्या वर कशा?"
म्हणाले.
"शिसं खाली अस्तं. शेंड्याला धरून टांगाचा.
असा टांगला तर गुता व्हल सगला."

तन्वीरला मेसेज टाकला तेव्हा पावणेअकरा झाले होते.
त्याने आधी एक शिवी पाठवली,
मग विचारलं,
किती गोळ्या असतात?